निव्वळ स्तनपान आणि घराचा हातभार

बालक जन्मल्यापासून सहा महिने पुरे होईपर्यंत त्यास आईच्या दुधाखेरीज अन्य काहीही द्यावयाचे नाही, यास निव्वळ स्तनपान असे म्हणतात. ‘अन्य काहीही’ या शब्दांत गाईम्हशीचे दूध, डब्यातील भुकटीचे दूध, मध, साखरपाणी, बाळघुटी, ग्राइप वॉटर आणि साधे उकळलेले पाणी हे सारे आले. डॉक्टरांनी सांगितलेले औषध, जीवनसत्त्वाचे थेंब किंवा जुलाबात द्यावयाची जलसंजीवनी एवढाच काय तो अपवाद. व्याख्या सोपी आहे. ती पाळणे मात्र एकट्या आईच्या हाती क्वचितच असते. बाळाच्या ओठांना मधाचे पहिले बोट कोण लावते, रात्री दोन वाजता बाळ रडू लागले म्हणजे ‘हिचे दूध पुरत नाही’ असा निवाडा कोण देते, बाळंतिणीने ओट्यापाशी केव्हा उभे राहावयाचे हे कोण ठरवते, या प्रश्नांची उत्तरे बहुधा घरातील इतर माणसांकडे असतात. वसई-विरारसारख्या परिसरात, जेथे एका स्थानकाच्या दोन बाजूंना दोन निरनिराळ्या तऱ्हेची कुटुंबे राहतात, तेथे ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसून येते.

वरच्या दुधाबरोबर आणि पाण्याबरोबर बाळाच्या पोटात जंतू जातात. आईच्या दुधाबरोबर रोगाशी झुंजणारी द्रव्ये जातात. जुलाब आणि न्यूमोनिया या तान्ह्या मुलांच्या दोन मोठ्या आजारांच्या बाबतीत हा फरक अनेकदा जीवनमरणाचा ठरतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या लेखमालेत असा अंदाज मांडला गेला की, स्तनपानाची योग्य पद्धत जगभर जवळजवळ सार्वत्रिक झाली, तर दरवर्षी ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळू शकतील.

महाराष्ट्रापुरते पाहिल्यास चित्र आशादायक आहे, परंतु त्यात एक गाठ आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, राज्यातील सहा महिन्यांखालील ५६.६ टक्के बालके निव्वळ स्तनपानावर होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ७१ टक्क्यांवर गेले. त्याच काळात देशाचे प्रमाण ५४.९ वरून ६३.७ टक्के झाले. परंतु जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू झालेल्या बालकांचे राज्यातील प्रमाण ५७.५ वरून ५३.२ टक्क्यांवर उतरले, आणि तेही दवाखान्यातील बाळंतपणे ९० टक्क्यांवरून सुमारे ९५ टक्क्यांवर गेली असताना! शिवाय ७१ टक्के हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पाहणीच्या आदल्या चोवीस तासांत बाळाने काय घेतले, यावरून तो काढला जातो आणि त्यात पंधरा दिवसांच्या बाळापासून साडेपाच महिन्यांच्या बाळापर्यंत सर्वांचा समावेश असतो. पूर्ण सहा महिने निव्वळ अंगावर पिणारी बालके त्याहून कमीच भरतील. गळती वाटेत होते. ती का होते, हे समजण्यासाठी आधी दूध कसे तयार होते ते पाहिले पाहिजे.

पान्हा आणि मन

बाळ चोखू लागले म्हणजे त्याची संवेदना मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीपर्यंत पोचते. तेथून प्रोलॅक्टिन नावाचा रस रक्तात येतो आणि त्याच्या योगाने दूध तयार होते. दुसरा रस ऑक्सिटोसिन. त्याच्या योगाने तयार झालेले दूध स्तनाबाहेर येते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. पहिल्या रसाचा नियम असा की, जितके चोखणे अधिक तितके दूध अधिक. विशेषतः रात्रीच्या पाजण्याने त्याला जोर येतो. दुसऱ्या रसाचा संबंध मनाशी आहे. बाळाच्या नुसत्या आठवणीने तो वाहू लागतो. काळजी, वेदना, लाज व भांडण यांनी तो अडतो.

गोठा असलेल्या घरात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. धार काढणारा नवखा असला, आरडाओरडा झाला, की म्हैस पान्हा चोरते हे तेथील लहान मुलालाही ठाऊक असते. ही तुलना काहीशी ग्राम्य वाटली तरी शास्त्राला सोडून नाही. याच घरांतील आणखी एक विसंगती नमूद करण्याजोगी आहे. म्हशीच्या चिकाचा खरवस आवडीने वाटून खाल्ला जातो. बाळंतिणीचा चीक मात्र ‘पिवळा आहे, बाळाला जड पडेल’ म्हणून पिळून टाकण्याची चाल अनेक ठिकाणी होती आणि ती पुरती गेलेली नाही. वास्तविक पहिल्या दोनतीन दिवसांचा हा चीक थोडा असतो तो थोडाच पुरतो म्हणून, आणि रोगप्रतिकारक द्रव्यांनी तो सर्वांत समृद्ध असतो.

‘दूध पुरत नाही’

वरचे दूध सुरू करण्याचे सर्वांत अधिक सांगितले जाणारे कारण हेच. खरोखरीच दूध अपुरे असणाऱ्या माता थोड्या असतात. बहुतेक ठिकाणी अपुरी असते ती खात्री. बाळ संध्याकाळी सलग रडते, तासाभरात पुन्हा मागते, तिसऱ्या किंवा सहाव्या आठवड्यात एकाएकी अधिक पिऊ लागते. घरातील मंडळी याचा अर्थ ‘भूक भागत नाही’ असा लावतात. एखादी बाटली दिली जाते. पोट भरलेले बाळ पुढची पाळी चुकवते, चोखणे कमी होते, म्हणून दूध कमी होते, आणि आठवड्याभरात घराने वर्तवलेले भाकीत खरे ठरते.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून न ठरवता दोन गोष्टींवरून ठरवावे. पहिले काही दिवस गेल्यावर केवळ आईच्या दुधावरचे बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल, आणि त्याचे वजन नीट वाढत असेल, तर दूध पुरते आहे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते व साधारण दोन आठवड्यांत भरून येते. त्यानंतर पहिले तीन महिने महिन्याला निदान अर्धा किलो वाढ अपेक्षित असते. वजनकाटा अंगणवाडीत आहे. लघवी मोजण्यास तर दुपट्याखेरीज कसलेच साधन लागत नाही. मात्र दुपटी बहुधा आई धुते आणि मत इतर देतात, असे घडते. दुपटी धुण्याचे काम सासूकडे किंवा नवऱ्याकडे गेले तर मतही बदलण्याचा संभव आहे.

वजन खरोखरीच वाढत नसेल, बाळ सुस्त असेल, पिण्यास उठत नसेल, आईच्या स्तनाग्रांना चिरा पडल्या असतील किंवा स्तनात गाठी होऊन ताप आला असेल, तर डॉक्टरांस दाखवावे. चिरा पडण्याचे कारण बहुधा बाळास धरण्याची पद्धत हे असते. केवळ स्तनाग्र तोंडात न देता त्याभोवतीचा काळसर भागही बऱ्याच अंशी बाळाच्या तोंडात जावयास हवा. ही रीत एकदा कोणी शेजारी बसून दाखवली की दुखणे थांबते. पोटावर शस्त्रक्रिया झालेल्या बाळंतिणीस तर पहिले दोन दिवस बाळ उचलून छातीशी धरून देणारे माणूस लागतेच. तासाभरात स्तनपान सुरू न होण्याचा आणि त्या तासाला खाटेपाशी कोण उभे आहे याचा संबंध येथे येतो.

अनुभव काय सांगतो

घरच्यांच्या आधाराने फरक पडतो, हे केवळ अनुमान नाही. इटलीतील नेपल्स येथे २८० मातांचा अभ्यास झाला व तो २००५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मातांच्या पतींना स्तनपानातील अडचणी व त्यांवरील उपाय समजावून देण्यात आले. उरलेल्या निम्म्यांच्या पतींना बालसंगोपनाची सर्वसाधारण माहिती मिळाली. सहाव्या महिन्यात पहिल्या गटातील २५ टक्के, तर दुसऱ्या गटातील १५ टक्के बालके पूर्णपणे स्तनपानावर होती. त्याहून बोलका आकडा दुसरा आहे. ‘दूध पुरत नाही’ असे पहिल्या गटातील ८.६ टक्के मातांना वाटले, दुसऱ्या गटात २७ टक्के मातांना. मातांच्या शरीरात काही फरक नव्हता. फरक होता तो नवऱ्याला काय ठाऊक आहे यात.

आपल्याकडे हरियाणात नेहमीच्याच आरोग्यसेविका व अंगणवाडी कार्यकर्त्यांमार्फत गावोगाव समुपदेशन करून पाहण्यात आले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात तिसऱ्या महिन्यास निव्वळ स्तनपानाचे प्रमाण समुपदेशन झालेल्या गावांत ७९ टक्के व इतर गावांत ४८ टक्के आढळले.

महाराष्ट्राचा या चळवळीतील वाटा जुना आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नाने २७ नोव्हेंबर १९८९ रोजी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. स्तनपानास प्रोत्साहन देणारी देशव्यापी संघटना, ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’, ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्धा येथे स्थापन झाली.

वसई-विरारमधील घरे

वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली अस्तित्वात आली आणि २०१४ साली ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात तिचा समावेश झाला. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या बारा लाखांहून अधिक होती. एवढ्या लोकवस्तीत ‘कुटुंब’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक वस्तीत वेगळा आहे.

रेल्वेच्या पश्चिमेस गास, भुईगाव, निर्मळ, आगाशी, अर्नाळा अशी जुनी गावे आहेत. केळी, फुले व भाजीपाल्याच्या वाड्या, समुद्राकाठी कोळीवाडे. सामवेदी, वाडवळ, ख्रिस्ती, कोळी, भंडारी अशा समाजांची पिढ्यान्‌पिढ्यांची घरे. येथे बाळंतिणीस हातांची वाण नसते. सव्वा महिना न्हाऊ-माखू घालणे, शेक, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जड काम नाही, बाहेर जाणे नाही. या विश्रांतीची थोरवी आधुनिक वैद्यकही मान्य करते. परंतु जेथे हात पुष्कळ तेथे मतेही पुष्कळ. घुटीची सहाण बाहेर निघते, ‘घसा सुकतो’ म्हणून चमचाभर पाणी दिले जाते. हे सारे प्रेमापोटी होते, म्हणूनच सुनेला नाही म्हणणे कठीण जाते. अशा घरात सुनेला समुपदेशन करून फारसे काही साधत नाही. सासूशी, आजेसासूशी आणि न्हाऊ घालणाऱ्या बाईशी बोलावे लागते. मासळी किंवा भाजी घेऊन बाजार गाठणाऱ्या स्त्रियांना दोनतीन महिन्यांत पुन्हा टोपली उचलावी लागते. त्यांच्यामागे घरी राहणाऱ्या आजीला एक गोष्ट शिकवणे अगत्याचे आहे. आईने जाण्यापूर्वी स्वच्छ हातांनी काढून ठेवलेले दूध झाकलेल्या भांड्यात घरातील थंड जागी साधारण चार तास व फ्रीजमध्ये चोवीस तास टिकते. ते गॅसवर तापवावयाचे नसते. भांडे कोमट पाण्यात धरावे आणि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. बोंडले या आज्यांना पाजण्यास शिकवावे लागत नाही. बाटलीपेक्षा ते धुण्यासही सोपे, आणि बाळ बाटलीच्या सवयीने स्तन नाकारील ही भीती नाही.

पूर्वेस नालासोपारा व विरारच्या चाळींत आणि इमारतींत याउलट परिस्थिती आहे. कोकण, देश, गुजरात, उत्तर प्रदेश येथून आलेली, एका खोलीत किंवा दोन खोल्यांत राहणारी जोडपी, आईवडील गावी. विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटर. नवरा पहाटेची गाडी पकडतो तो रात्रीच परततो. तान्ह्या बाळास दिवसातून आठ ते बारा वेळा पाजावे लागते. प्रत्येक वेळी अर्धा तास धरला तरी चार ते सहा तास आईने एका जागी बसून राहावयाचे असते. पाणी भरणे, स्वयंपाक, धुणे आणि थोरले मूल असल्यास त्याची शाळा, हे सर्व उरलेल्या वेळात एकटीने उरकावयाचे. येथे सल्ला देणारे कोणी नाही आणि हात देणारेही कोणी नाही. डब्यातील भुकटीचे आकर्षण अशा घरात दुधाच्या तुटवड्यापेक्षा वेळेच्या तुटवड्यातून निर्माण होते. नवऱ्याचा पहाटेचा अर्धा तास येथे मोलाचा ठरतो: पाणी भरून ठेवणे, कुकर लावणे, रात्री पाजून झालेल्या बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, जेणेकरून आईला लगेच निजता येईल. शेजारीण दुपारी तासभर थोरल्या मुलाला सांभाळत असेल, तर तीही या बाळाचे कुटुंबच होय.

तालुक्याच्या पूर्व भागात पारोळ, भाताणे, मेढे या बाजूच्या पाड्यांवर वारली, कातकरी, मल्हार कोळी समाजांत अंगावर पाजण्याविषयी कोणाला सांगावे लागत नाही. मूल दीर्घकाळ आईच्या दुधावर असते. अडचण निराळीच आहे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबात बाळंतीणही कामाला उभी राहते आणि झोळीतले बाळ पाचसहा वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन होते. ते रडले की तिच्या हाती पाण्याशिवाय दुसरे काय असणार? उन्हाळ्याच्या झळांत पाणी द्यावे असे मोठ्यांनाही वाटते. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. कडक उन्हातही सहा महिन्यांच्या आतील बाळास वेगळ्या पाण्याची गरज नसते. मात्र आईला वारंवार पाणी व पोटभर अन्न हवे, आणि दर दोन तासांनी काम थांबवून बाळाला घेण्याची मुभा हवी. ती मुकादम आणि नवरा यांच्या संमतीखेरीज मिळत नाही. आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून अंगणवाड्यांमार्फत राबवली जाते. भट्टीवर गेलेली माता तिच्या पाड्यावरील अंगणवाडीपासून दूर पडते, ही त्यातील खरी अडचण. (अंगणवाडी ही कल्पनाच मुळी या जिल्ह्याची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन तिचा पाया घातला.)

चार महिने की सहा?

सासू व सून यांच्यातील एका मतभेदाचा दोष दोघींकडेही जात नाही. आज आजी झालेल्या स्त्रियांची बाळंतपणे १९८० व १९९० च्या दशकांत झाली. त्या वेळी खुद्द दवाखान्यातच ‘चार महिने झाले की वरचे सुरू करा’ असे सांगितले जाई. १९९० सालच्या इनोचेंटी जाहीरनाम्यातही चार ते सहा महिने अशीच मर्यादा होती. जागतिक आरोग्य संघटनेने पूर्ण सहा महिन्यांची शिफारस केली ती २००१ मध्ये. आपल्या देशातील शिशुदुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या व शिशुआहार यांविषयीच्या १९९२ च्या कायद्यात शिशुआहाराचे वय चार महिन्यांनंतर धरले होते. २००३ च्या दुरुस्तीने ते सहा महिन्यांनंतर करण्यात आले. तेव्हा सासूबाई ऐकीव गोष्ट सांगत नसून, त्यांच्या काळचा वैद्यकीय सल्लाच सांगत असतात. हे मान्य करून बोलणे सुरू केले तर घरात वाद उरत नाही. शिवाय परंपरा येथे सोबतीला आहे. उष्टावणाचा विधी अनेक घरांत सहाव्या महिन्याच्या सुमारासच होतो. त्याआधी बाळाच्या तोंडी अन्न लावावयाचे नाही, ही जुनी शिस्त पाण्याला आणि घुटीलाही लागू केली की नवा नियम तयार!

याच कायद्यान्वये दुधाच्या डब्यांची व बाटल्यांची जाहिरात करण्यास, फुकट नमुने वाटण्यास आणि डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापण्यास मनाई आहे. घरी भेट म्हणून आलेला डबा मात्र कोणताही कायदा अडवू शकत नाही.

नोकरदार मातांच्या बाबतीत २०१७ सालच्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली. वरवर पाहता हे सहा महिने होतात. परंतु त्यांतील आठ आठवड्यांपर्यंतची रजा बाळंतपणापूर्वी घेता येते. ती सर्व घेतली तर नंतर अठराच आठवडे, म्हणजे चार महिन्यांहून थोडे अधिक, उरतात. प्रकृती साथ देत असेल तर बाळंतपणापूर्वीची रजा कमी घेण्याचा विचार कुटुंबाने आधीच करून ठेवावा, आणि गरोदरपणी घरकामाचा भार इतरांनी उचलावा, म्हणजे ते शक्य होईल. कामावर परतलेल्या मातेस बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुटी मिळण्याची तरतूद १९६१ पासून आहे. विरारला बाळ आणि चर्चगेटला कचेरी असता तिचा उपयोग दूध काढून ठेवण्यापुरताच होतो. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांत रोजंदारीवर जाणाऱ्या बायकांपर्यंत तर रजाही सहसा पोचत नाही. त्यांचा आधार घरातच शोधावा लागतो.

गृहभेटी आणि मधले दिवस

दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी येऊन माता व बालक यांना पाहते. घरी बाळंतपण झाल्यास पहिल्या दिवसाची भेट अधिक असते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी सिद्ध केलेल्या घरगुती नवजात बालसेवेच्या पद्धतीतून ही योजना उभी राहिली. या भेटींच्या वेळी सासू आणि शक्य झाल्यास नवरा घरी हजर असावा. आशाताईने पाजण्याची रीत दाखवावी ती दोघांदेखत. २०१८ पासून सुरू झालेल्या पुढच्या टप्प्यातील पहिली गृहभेट तिसऱ्या महिन्यात असते.

बेचाळिसाव्या दिवसापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत घरी येणारे ठरलेले असे कोणी नसते. नेमक्या याच काळात पुष्कळशा माता माहेराहून सासरी येतात. रत्नागिरीला किंवा आझमगढला नाव नोंदलेली बाळंतीण नालासोपाऱ्याच्या खोलीत उतरते. तेथील अंगणवाडीच्या वहीत तिचे नाव नसते, आईचा हात सुटलेला असतो आणि घरकाम पुन्हा अंगावर आलेले असते. बाटली घरात येण्याचा सर्वांत अधिक धोका याच पाचसहा आठवड्यांत आहे. सासरी पोचताच पहिल्या आठवड्यात नवऱ्याने जवळच्या अंगणवाडीत किंवा महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्रात जाऊन माता व बालक यांचे नाव घालावे, माता व बालसंरक्षण पत्रिका सोबत न्यावी आणि बाळाचे वजन त्याच दिवशी करून घ्यावे.